‘विश्वास असता तर रडली नसतीस’ म्हणणाऱ्यांसाठी

जुनी_नगरकर:
सलाम मंडळी. काल इथे एका भावांनी लिहिलं, "देवाच्या प्रीतीची खात्री असलेला माणूस संकटात रडत नाही. रडणं म्हणजे अविश्वास." खाली आमेनची रांग. म्हणून हे लांबण.

एप्रिल 2021 मध्ये पप्पा गेले. दवाखान्याच्या दारात आम्ही ऑक्सिजनसाठी उभे आणि फोनवर आमच्या मंडळीतले (चर्चमधले) एक वडील, म्हणजे पुढारी, म्हणतायत, बायबलमधलं रोमकरांस 8:28 वाचा, सगळं मिळून कल्याणच होतं. कबरस्तानात आम्ही चौघंच होतो. एक गीतसुद्धा झालं नाही. आठवड्याने पुन्हा त्यांचाच फोन, "अजून रडताय?"

लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. घटकाभरात त्याला मेलेल्यांतून उठवणार होता, तरी रडला. स्तोत्र 88 काढा, ते संपतंच अंधारात. ते काय चुकून छापलंय?

वचनात_उभा:
पोस्ट माझी आहे, नाव घेऊन बोला. पंडिता रमाबाई बघा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तो नवरा, शेवटी 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा. तरी केडगावला पवित्र शास्त्राचं (बायबलचं) भाषांतर थांबलं नाही. याला म्हणतात खात्री.

पानसुपारी:
भाऊ, रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. मनोरमा सोडली तर ही सगळी मरणं त्याआधीची. आणि काम थांबलं नाही म्हणजे बाई रडल्या नाहीत, हे कुणी सांगितलं? तुम्ही खिडकीतून बघत होता का?

वचनात_उभा:
तारखा काढून विश्वास मोजता येत नाही.

पानसुपारी:
अश्रू काढून येतो वाटतं!

सोमवार_गुरुवार:
मी नगरकरताईंच्या बाजूने नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार-चार तास. सुई टोचताना "माझी कृपा तुला पुरे आहे" मनात घोकते, नाहीतर हात मागे ओढला जातो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून देवाकडे तीनदा मागितलं तरी तो निघाला नाही, हे वाचूनच मला धीर येतो. ताई, त्या वडिलांचा राग वचनावर काढू नका.

जुनी_नगरकर:
तुम्ही ते स्वतःला म्हणता हो. मला ते दुसऱ्याने फोनवरून ऐकवलं.

पेटीमास्तर:
"एक गीतसुद्धा नाही" यावर बोलतो. हल्ली गीत होतं तरी काय होतं? मागच्या महिन्यात एका मातीला कीबोर्ड, ड्रम आणि हिंदी गाणी! ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं म्हणणारी माणसं संपली. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक कपाटात वाळवीला घातलंय.

युथ_लीडर:
काका, ‘तुझीया’ आणि ‘मजला’ आमच्या पोरांना कळत नाही. हिंदी गाण्यावर पोरगं रडतं तरी.

पेटीमास्तर:
रडतं? मग वरच्या भाऊंच्या हिशेबाने त्याला अविश्वासी म्हणायचं का?

युथ_लीडर:
विषय बदलू नका. तुमच्या काळात तरी अर्धी मंडळी मागे बसून डुलक्याच घ्यायची.

पेटीमास्तर:
तालात घ्यायची! कीर्तनाने गावंच्या गावं जागी ठेवली आम्ही. तुमचा ड्रम लाईट गेली की मुका.

पानसुपारी:
ड्रमला लाईट लागत नाही काका.

पेटीमास्तर:
आमच्याकडच्याला लागते.

नास्तिक_नाना:
गाण्यांचं मिटलं की एक सांगा. प्रेम आहे तर आधी ऑक्सिजन का नाही पाठवला?

सोमवार_गुरुवार:
हेच बायबलमधल्या ईयोबाने सगळं गमावल्यावर विचारलं होतं, नाना, तुमच्याहून मोठ्या आवाजात. देव रागावला तो उत्तरं देणाऱ्या मित्रांवर. ते मित्र पहिले सात दिवस गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. (हे लिहून मी नगरकरताईंच्या बाजूने गेले, कळतंय मला.)

जुनी_नगरकर:
त्या दिवसांत शेजारच्या मावशी यायच्या, मास्क लावून. उंबऱ्याबाहेर बसून सूपभर लसूण सोलायच्या आणि जायच्या. एक वचन नाही, प्रार्थना नाही. नाना, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण देव सोडून गेला असं ज्या दिवसांत वाटायला हवं होतं, त्यात हाताला लसणाचा वास असायचा.

वचनात_उभा:
ठीक आहे. ‘अविश्वास’ शब्द मागे घेतो. मीही 2020 मध्ये मोठा भाऊ पुरला आणि रडलो नाही. अजून नाही. बाकी पोस्ट तशीच राहील.

पेटीमास्तर:
नगरकरताई, पप्पांचं राहिलेलं गीत रविवारी म्हणू. उपासनेनंतर कबरस्तानात. पेटी मी आणतो. वचनवाले, तुम्हीही या.

युथ_लीडर:
तबला कुणाकडे आहे?

पेटीमास्तर:
तुझ्याकडे. गेल्या ख्रिसमसला नेलेला परत कुठे दिलायस? आणि कीबोर्ड दिसला तर मी फाटकातूनच परत जाईन.