सोसायटीत ईव्ही वाढल्या म्हणून डीपी (ट्रान्सफॉर्मर) मोठी करायलाच हवी का?

टाँगटेस्टर
पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत चार्जरच्या एनओसीचा विषय निघाला की कुणीतरी हटकून बेरीज मांडतं. नमुना घ्या: १२० फ्लॅट, ३१५ केव्हीए क्षमतेची डीपी. ७.२ किलोवॅटचे १० चार्जर, १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅट घेणाऱ्या १४ गाड्या, पाऊण किलोवॅटच्या ४० स्कूटरी. एकूण १४८ किलोवॅट. मग ठराव असा की ६३० ची डीपी येईपर्यंत एनओसी बंद.

माझा आक्षेप या बेरजेलाच आहे. आपण गिझरची अशी बेरीज कधी केली? १२० घरांत दोन-दोन किलोवॅटचे गिझर धरले तर २४० किलोवॅट होतात, तरी डीपी उडत नाही, कारण सगळे एका मिनिटाला अंघोळीला जात नाहीत.

गाडी रोज ४० किमी धावली, किमीला ०.१५ युनिट धरलं, चार्जरमधली घट मिळवली, की गाडीमागे सात युनिट. २४ गाड्यांचे १६८, स्कूटरींचे साधारण ४८. २१६ युनिट रात्री ८ ते पहाटे ४ मध्ये विभागले तर सरासरी २७ किलोवॅट. दुप्पट धरा, ५५. म्हणजे फेजमागे (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी प्रत्येकीवर) सुमारे ८० अँपिअर.

३१५ केव्हीएचा ४३३ व्होल्टला पूर्ण भार ४२० अँपिअर. समजा मे महिन्यात रात्री साडेदहाला आर, वाय, बी या तीन फेजवर आधीच २९०, २४५, ३३० अँपिअर आहेत. सर्वांत जड बी फेजसुद्धा ४१० वर थांबतो. बसतंय की!

साडेतीन कोर
बेरीज चुकीची, मान्य. पण तुमचा ‘फेजमागे ८०’ हा आकडाही कागदावरचाच आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बसवलेला ७.२ चा चार्जर सिंगल फेज आहे, एकटा ३१ अँपिअर ओढतो. वायरमन पार्किंगमध्ये जो फेज हाताशी असेल त्यावर कनेक्शन देतो. दहातले चार चार्जर बी फेजवर गेले आणि एकदम चालू झाले तर ३३० अधिक १२४, म्हणजे ४५४. पूर्ण भाराच्या १०८ टक्के, आणि तेही स्कूटरी न धरता.

शिवाय न्यूट्रलचं (परतीच्या तारेचं) काय? तुमच्याच आकड्यांवर, चार्जिंग सुरू व्हायच्या आधीच, असमतोलामुळे न्यूट्रलमधून सुमारे ७४ अँपिअर वाहतात. डीपीपासून पॅनलपर्यंत ३०० चौरस मिमीची साडेतीन कोर ॲल्युमिनियम केबल असते, तिचा ‘अर्धा’ कोर म्हणजे १५० चौरस मिमीचा न्यूट्रल. त्याचा लग (टोकाची धातूची टोपी) नीट दाबून बसवलेला नसेल, तर तो काळा पडतो, सैल होतो आणि एक दिवस सुटतो. मग हलक्या फेजवर २३० चे ३०० व्होल्ट होतात आणि अख्ख्या विंगचे टीव्ही, फ्रिज जातात. डीपी मात्र शाबूत. लोक म्हणणार, ‘ईव्हीमुळे झालं’.

रोहित्रवेडा
दोघेही अँपिअर मोजताय, तापमान कुणीच बोलत नाही. वाइंडिंगमधली तांब्याची घट भाराच्या वर्गाने वाढते. ८० टक्के भाराला पूर्ण भाराच्या घटीचे ६४ टक्के, १०८ ला ११७ टक्के. वाइंडिंगवरच्या साध्या कागदी इन्सुलेशनचा हिशोब ९८ अंशांच्या हॉट स्पॉटवर (वाइंडिंगमधल्या सर्वांत गरम जागेवर) बांधलेला असतो. त्यापुढे दर ६ अंशांना कागद दुप्पट वेगाने म्हातारा होतो. १०४ अंशांवर एक तास म्हणजे आयुष्याचे दोन तास खर्च, उलट ८६ वर चार तास चालवलं तर एकच तास खर्च.

आतापर्यंत रात्र ही डीपीच्या विश्रांतीची वेळ होती. संध्याकाळी तापली तरी पहाटे निवायची. उन्हाळ्यात एसीने ती विश्रांती अर्धी खाल्लीच आहे, उरलेली ईव्ही खाणार. नागपुरात मे महिन्यात रात्री अकरालाही पारा तिशीच्या वर असतो. माझं मत अनेकांना पटणार नाही, पण वर्षभराची सरासरी दाखवून कुणी ‘डीपी निम्मीच भरलेली आहे’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

टाँगटेस्टर
@साडेतीन कोर, फेजचा मुद्दा बरोबर, पण तो वायरिंगचा दोष आहे. त्यासाठी डीपी बदलणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय बदलणं. थ्री फेज पुरवठा घेतलेला टाइप-२ चार्जर (भिंतीवरचा कार चार्जर) असला तरी सिंगल फेज गाडी फक्त एल१ वरूनच, म्हणजे त्याच्या पहिल्या फेजवरूनच घेते. म्हणून पहिल्या चार्जरला आर-वाय-बी, दुसऱ्याला वाय-बी-आर, तिसऱ्याला बी-आर-वाय असा क्रम फिरवत जायचं. जोडतानाच केलं तर खर्च शून्य.

किटकॅट
रात्री १२ चं काय? सगळे ॲपमध्ये बाराचा टायमर लावतात. २४ गाड्या ठोक्याला सुरू झाल्या तर ११८ किलोवॅट, फेज अगदी समान वाटले तरी १७१ अँपिअर. बारा वाजता बी फेजचा मूळ भार ३०० धरला तर ४७१. तुमची ‘आठ तासांत विभागणी’ गेली कुठे?

रोहित्रवेडा
इथे मी टाँगटेस्टरच्या बाजूने. ४७१ म्हणजे ११२ टक्के, पण किती वेळ? ७.२ वाल्या गाड्या तासाभरात भरतात, मग भार ३६७ वर उतरतो. असल्या डीपीच्या तेलाचा टाइम कॉन्स्टंट (तापण्याच्या संथपणाचं माप) सुमारे तीन तासांचा, म्हणजे तासाभरात तेलाची जेमतेम २८ टक्के तापमानवाढ पूर्ण होते. वाइंडिंग मात्र काही मिनिटांत तेलाच्या वर चढतं, हे विसरू नका. तरीही महिन्यातून चारदा असं झालं म्हणून डीपी मरत नाही. रोज झालं, आणि त्याआधी संध्याकाळी तेल तापलेलं असलं, तर मात्र मरते.

आधी काय पडेल ते सांगतो: पॅनलमधला ४०० अँपिअरचा एमसीसीबी (मुख्य ब्रेकर). बंद पॅनल आत तापलेलं असलं की तो लवकरच पडतो. वॉचमन तो पुन्हा वर करतो, सगळ्या गाड्या परत एकदम सुरू होतात, तो परत पडतो.

साडेतीन कोर
म्हणूनच टायमरला शून्य ते तीस मिनिटांचा रँडम विलंब हवा, वीज परत आल्यावरही. चार्जर घेताना ही सोय आहे का, हे विचारणारा एकही ग्राहक दिसत नाही. सगळे ‘ॲपमध्ये युनिट दिसतात का’ एवढंच विचारतात.

हार्मोनिक्सचंही (५० हर्ट्झच्या पटीतल्या, करंट बिघडवणाऱ्या लहरींचं) बोलून टाकू. कारच्या चार्जरला सगळे शिव्या घालतात, पण त्यात पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, करंट बराच स्वच्छ येतो. शंका घ्या ती स्कूटरच्या चार्जरवर. आयईसी ६१०००-३-२ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या क्लास ए ची तिसऱ्या हार्मोनिकची मर्यादा २.३ अँपिअर आहे. टक्क्यांत नाही, सरळ अँपिअरमध्ये. ३.३ अँपिअर घेणारा चार्जर बराच घाण करंट ओढूनही पास होतो. तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, बेरीज होते. तसे ४० चार्जर एकदम लागले तर सर्वांत वाईट स्थितीत ९२ अँपिअर फक्त न्यूट्रलमध्ये, आणि हाच हार्मोनिक डीपीच्या डेल्टात (त्रिकोणी जोडणीच्या वाइंडिंगमध्ये) फिरून तिला फुकटचा तापवतो.

कमिटीतला एक
प्रत्येक गाडीवाल्याने ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं तर सोसायटीची जबाबदारी सुटते ना? आणि दिवसा सवलत आहे, तर दिवसाच चार्ज करा म्हणावं.

टाँगटेस्टर
२०२४ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने ईव्हीसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं, खरं. पण मीटर वेगळं झालं तरी डीपी तीच. शिवाय सोसायटीने पुढे चार्जरचा भार नियंत्रित करायचा म्हटलं तर तो भार त्यातून सुटतो, ते वेगळंच.

१ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते ५ मध्ये युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सूट लागू झाली. पण तेव्हा गाडी हिंजवडीत उभी असते. शनिवार-रविवार आणि घरीच असणाऱ्या स्कूटरी, एवढाच फायदा.

कमिटीने आधी सात दिवस लॉगर (करंटची सतत नोंद करणारं यंत्र) लावावा, एप्रिल-मे मध्ये, शनिवार-रविवार धरून, दर १५ मिनिटांची नोंद, तिन्ही फेज *आणि न्यूट्रल*. मीटरचा एमडी (कमाल मागणी) तिन्ही फेजचा एकत्र आकडा देतो, असमतोल त्यात लपतो. न्यूट्रल हिशोबाने ७४ यायला हवा आणि लॉगर ११० दाखवत असेल, तर उरलेला भाग हार्मोनिकचा. ११० मधून ७४ सरळ वजा करू नका, वर्गांची वजाबाकी करून मूळ काढा, सुमारे ८१ येतात.

हे सगळं सोसायटीच्या पॅनलपर्यंतच, परवानाधारक ठेकेदाराकडून. डीपीच्या कुंपणाआत हात घालायचा नाही.

साडेतीन कोर
लॉगरबरोबर रात्री दहाला थर्मल कॅमेराही फिरवा. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं कमी तापमान दाखवतो, म्हणून शेजारच्या टेपवर किंवा स्लीव्हवर रोखा. सारखा करंट असून एक जोड बाकीच्यांपेक्षा २० अंश गरम असेल, तर आधी तो जोड करा, मग ईव्हीवर चर्चा.

आणि आकडे आल्यावर इनकमरला (पॅनलच्या मुख्य केबलला) सीटी, म्हणजे करंट मोजणारी कडी, लावून भार वाटणारी यंत्रणा घ्या. टाइप-२ चार्जर पायलट सिग्नलने (केबलमधून गाडीला जाणाऱ्या इशाऱ्याने) गाडीला ३२ वरून ६ अँपिअरपर्यंत उतरवतो, गाडी बंद पडत नाही. १५ अँपिअरच्या सॉकेटला ती भाषा कळत नाही, त्याला कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) चालू किंवा बंद, दोनच पर्याय. म्हणून माझी अट: नवीन एनओसी फक्त नियंत्रणात येणाऱ्या चार्जरला, सॉकेट स्कूटरींपुरतं.

रोहित्रवेडा
१४ सॉकेटवाल्यांना हे सांगायला मीटिंगला कोण जाणार?

एक बाकी राहिलं. २४ च्या ५० गाड्या झाल्या तर ६ अँपिअरवर रात्रभरात काय मिळणार? गाडीमागे १.४ किलोवॅट, आठ तासांत ११ युनिट. रोजच्या ४० किमीला पुरून उरतं. ५० गाड्या सतत ६ वर म्हणजे ६९ किलोवॅट, फेजमागे १०० अँपिअर. बी फेज ३३० चा राहिला तर ४३०, नाही बसत. पण आधी फेज सारखे करून तिन्ही २९० च्या आसपास आणले, तर ३९०.