सीए फायनल: ऑडिटच्या नोट्स काढाव्यात कशा आणि उजळणी कधी करावी?

प्रश्न
आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) संपवून मी फायनलच्या पहिल्या ग्रुपची तयारी करीत आहे. ऑडिटच्या नोट्सची दुसरी वही भरत आली, तरी पुस्तक मिटल्यावर ऑडिटच्या मानकांपैकी एसए 705 (ऑडिटरचे मत कधी बदलावे) आणि एसए 706 (मत न बदलता कशाकडे लक्ष वेधावे) यांतील फरक नीट मांडता येत नाही. नोट्स चालू ठेवाव्यात, की आयसीएआयचे (सीए परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे) स्टडी मटेरियलच पुन्हा वाचावे?

प्रतिसाद १
पुस्तक समोर ठेवून काढलेली टिपणे बहुधा उताऱ्यांची नक्कलच ठरतात. प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहावे आणि मग जे निसटले तेवढेच वेगळ्या शाईने भरावे. पुढच्या उजळणीत आधी ती शाईच वाचावी. 705 ला तर अर्धे पान पुरते. ओपिनियन, म्हणजे ऑडिटरचे मत, बदलण्याची कारणे दोन: आर्थिक विवरणांत चूक आहे, किंवा पुरेसा पुरावाच मिळालेला नाही. परिणाम मटेरियल (लक्षणीय) असून परव्हेझिव्ह (सर्वव्यापी) नसेल, तर दोन्ही कारणांना क्वालिफाइड (तेवढी बाब वगळून दिलेले) ओपिनियन. परव्हेझिव्हही असेल, तर चुकीला अ‍ॅडव्हर्स (प्रतिकूल मत) आणि पुराव्याअभावी डिस्क्लेमर (मत देण्यास नकार). 706 मधील एम्फसिस ऑफ मॅटरने ओपिनियन बदलत नाही, विवरणांत योग्य रीतीने दाखवलेल्या बाबीकडे केवळ लक्ष वेधले जाते. म्हणून ते या चौकटीत कोंबू नये.

प्रतिसाद २
ऑडिटपुरते हे पटते. एफआरमध्ये (फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरात) मात्र इंड एएस 115 किंवा 116 (महसूल आणि भाडेपट्ट्याची हिशेब-मानके) यांच्या सुबक नोट्स काढण्यात वेळ घालवू नये (सुबक अक्षराला परीक्षक गुण देत नाहीत). गणित सोडवावे आणि जेथे अडले, ती पायरी गणिताशेजारीच लिहून ठेवावी. उजळणी त्याच संध्याकाळी, आठवड्याने आणि मग महिन्याने करावी, तीही वाचून नव्हे, तर प्रश्नाचे उत्तर लिहून. दोन पेपरांमध्ये हाती जेमतेम दीड दिवस उरतो. तेवढ्यात ज्याची उजळणी होणार नाही, ते टिपण आजच छाटावे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग अमेंडमेंट (नियमांत बदल) आल्यास वही पुन्हा लिहावी लागेल का?

प्रतिसाद १
नाही. एका बाजूचे पान कोरे ठेवावे आणि आपल्या अटेम्प्टची आरटीपी (आयसीएआयची परीक्षेपूर्वीची सराव-पुस्तिका) आली की बदल तेथे तारखेसह लिहून जुनी ओळ खोडावी.