चिकणमातीच्या अंगणात पाणी तुंबते; कृत्रिम हिरवळ हा त्यावरचा उपाय आहे का?

शंकेखोर (धागाकर्ता):

घरामागच्या अंगणात पाऊस पडला की पाणी तुंबते, चिखल होतो, गवत कुजते, आणि मग कोणीतरी सुचवते की कृत्रिम हिरवळ अंथरून टाका, कटकट मिटेल. माझे मत असे की या हिरवळीने निचरा होत नाही. निचरा झालाच तर तो खालच्या खडीमुळे, जमिनीला दिलेल्या उतारामुळे आणि पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपमुळे होतो, आणि ही तिन्ही कामे हिरवळीवाचूनही करता येतात.

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात. त्यांच्यामधल्या फटी इतक्या अरुंद असतात की रेताड जमिनीत जिथे ताशी ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरते, तिथे चिकणमातीत ते ताशी १ ते ५ मिलिमीटर एवढेच मुरते. कृत्रिम हिरवळीच्या पाठीला छिद्रे असतात आणि त्यांतून किती पाणी जाऊ शकते याचा मोठा आकडा विक्रेते अभिमानाने सांगतात. तो आकडा खोटा नसेलही, पण प्रश्न छिद्रांपाशी अडलेला नसून त्यांच्याखालच्या मातीपाशी अडलेला आहे.

थोडा हिशेब करून पाहू. १०० चौरस मीटरच्या अंगणावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी जमा होते. माती उदार झाली तरी त्यातले ५०० लिटर शोषून घेईल. हिरवळीखाली १०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर असेल आणि त्यात ४० टक्के पोकळी धरली, तर तिथे ४,००० लिटर मावतील. उरलेले ५०० लिटर पुन्हा पृष्ठभागावर येतील. खडीत साठलेले पाणी ओसरायला, मातीचा वेग ताशी ५ मिलिमीटर असला तर ८ तास लागतील आणि १ मिलिमीटर असला तर ४० तास. दरम्यान दुसरी सर आली की थर आधीच भरलेला. चिकणमातीत खणून खडी भरणे म्हणजे अंगणाखाली एक हौद बांधणे होय, आणि वरून हिरवा दिसतो म्हणून हौदातले पाणी कमी होत नाही.

खडीकाम:

धागाकर्त्यांचा हिशेब बरोबर आहे. मात्र तो पाण्याला बाहेर जाण्याची वाटच नाही असे धरून मांडलेला आहे. कोणताही जाणता कारागीर चिकणमातीवर असे काम करणार नाही. खणलेल्या तळालाच १०० मीटरला निदान १ मीटर उतार द्यावा, तळावर न विणलेले जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे) कापड अंथरावे म्हणजे माती वर येऊन खडीच्या पोकळ्या बुजवत नाही, त्यावर भुकटी नसलेली खडी १०० ते १५० मिलिमीटर जाडीने पसरून दाबावी, आणि सखल कडेच्या चरात छिद्रांचा पाईप, छिद्रे खालच्या बाजूला ठेवून, बाहेरच्या गटाराकडे न्यावा. मग पाण्याने मातीत मुरण्याची वाट पाहण्याचे कारणच उरत नाही. लोकांचे काम फसते ते बहुधा खडीऐवजी भुकटी मिसळलेला स्वस्त माल भरल्यामुळे आणि पाईप वगळल्यामुळे. दोष मात्र हिरवळीच्या माथी मारला जातो.

“हिरवळीवाचूनही करता येते” हे म्हणणे तर मला अर्धवट वाटते. एवढी खडी भरल्यावर ती उघडी ठेवायची का? तिच्यावर जिवंत गवत हवे असेल, तर पुन्हा चांगल्या मातीचा बऱ्यापैकी जाड थर घालावा लागेल, म्हणजे अंगणाची पातळी वाढेल किंवा खोदाई वाढेल. मुले आणि कुत्री रोज खेळतात, भिंतीची सावली पडते, अशा अंगणात चिकणमातीवरचे गवत पायांखाली दबून विरळ होते आणि दबलेल्या मातीत पाणी आणखी कमी मुरते. अशा ठिकाणी खडीवर पाय ठेवण्याजोगा आणि पाणी खाली सोडणारा पृष्ठभाग म्हणून कृत्रिम हिरवळ मला रास्त वाटते.

दुर्वा:

दोघांच्याही हिशेबात वर जाणारे पाणी आलेले नाही. जिवंत गवत आणि झुडपे उबदार, कोरड्या दिवसांत रोज काही मिलिमीटर पाणी मातीतून ओढून हवेत सोडतात. मुळे जातात तिथे मातीत वाटा तयार होतात आणि पालापाचोळा कुजून तिची घडण हळूहळू सुधारते. प्लास्टिकखाली ही क्रिया जवळजवळ थांबते. शिवाय अनेक चिकणमाती ओल्या झाल्या की फुगतात आणि वाळल्या की आकसून भेगाळतात. त्यामुळे काळजीपूर्वक दिलेला उतार काही ऋतूंनी बिघडतो, मधे खळगे पडतात आणि पाणी तिथेच थांबते. कुत्र्यांच्या मूत्राचा वास अशाच खळग्यांतून येतो. भर उन्हात हा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर तापतो, तेव्हा ज्या मुलांसाठी तो अंथरला तीच त्यावर जाईनाशी होतात.

खडीकाम:

@दुर्वा, मुळांचे काम मला मान्य आहे, पण त्याला काही वर्षे लागतात आणि सततच्या पावसात, हवा दमट असताना, जेव्हा पाणी सर्वाधिक तुंबते तेव्हाच झाडे सर्वांत कमी पाणी ओढतात. खळग्यांवर उपाय आहे: कड सोडवून खडीची पातळी पुन्हा करता येते. एरवीही हे आच्छादन साधारण १० ते १५ वर्षांनी बदलावेच लागते.

शंकेखोर:

@खडीकाम, आपण सांगितलेली पद्धत उत्तम आहे, पण तिचा सगळा भार एका अटीवर आहे: पाईपचे तोंड अंगणाच्या तळापेक्षा खाली उघडले पाहिजे. चहूबाजूंनी उंच जमीन असलेल्या अंगणात ही अट पुरी होत नाही. तिथे शोषखड्डा खणून देतात आणि तोही त्याच चिकणमातीत, त्यामुळे चार सरींत तो काठोकाठ भरतो. मग पंप बसवण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून क्रम उलटा असावा. आधी पाणी येते कुठून ते पाहावे. १०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर २,००० लिटर पाणी उतरते, आणि पन्हाळीचा नळ थेट अंगणात सोडलेला असेल तर निम्मा प्रश्न तिथेच आहे. नंतर ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो एकदा पाण्याने भरून ओसरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजावे. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरांत जमीन १५ सेंटिमीटर उतरती करावी. (चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचा घरगुती सल्ला कृपया कोणी देऊ नये, त्याने माती विटेसारखी घट्ट होते.) एवढे करूनही चिखल राहिला तर खडी आणि पाईप. त्यांच्यावर काय अंथरायचे हा आवडीचा आणि खर्चाचा प्रश्न आहे, निचऱ्याचा नव्हे.

खडीकाम:

पन्हाळी आणि खड्ड्याची चाचणी आधी, हे मी कधीच नाकारले नव्हते. पण वर काय अंथरायचे हे शेवटी ठरवा, हे मला पटत नाही. खोदाई किती करायची, कडेला बांध कुठे घालायचा आणि पाईप किती खोल ठेवायचा हे वरच्या थराच्या जाडीवरच ठरते. गवतासाठी मातीचा थर धरून खणलेल्या अंगणात नंतर कृत्रिम हिरवळ घालायचे ठरले, की उंबऱ्यापाशी तेवढीच पायरी खाली राहते आणि पाणी नेमके तिथे साचते.

दुर्वा:

मग ठरवा आधीच, पण अंगणाच्या सखल कोपऱ्यात तरी ओल सहन करणारी झुडपे ठेवून तेवढा तुकडा प्लास्टिकशिवाय सोडा. पाईप तुंबला तर ते सर्वांत आधी तिथेच कळेल.