गाळा नं. ३

साठे काकू (ए-१०१): गाळा नं. ३ ला काळी काच बसवतायत. सामान उतरवणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणे "ऑर्केस्ट्रा बार येतोय". कमिटीला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच सांगा.

मोरे (बी-४०२): समोर शाळा आहे. १ किलोमीटरच्या आत असलं काही चालत नाही. कायदा आहे. विषय संपला.

टिंकू (सी-६०१): ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला? कीबोर्ड घेऊन येऊ का?

साठे काकू: तुझ्या आईला विचार, पनवेलच्या हायवेला पूर्वी काय चालायचं ते.

सेक्रेटरी: नमस्कार. कमिटीकडे फक्त "फॅमिली रेस्टॉरंट" असा अर्ज आला होता. कृपया संयम ठेवावा.

लेले आजोबा (बी-१०२): गृहमंत्री आर. आर. आबांनी २००५ ला डान्स बारवर बंदी आणली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

ॲड. देशपांडे (ए-५०३): आणि २००६ ला हायकोर्टाने ती रद्द ठरवली. २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. मोरेसाहेब, १ किलोमीटरची अट २०१६ च्या कायद्यासोबत आली होती, तीही डान्स बारसाठी; ऑर्केस्ट्रा बार म्हणजे नाच नाही, नुसतं गाणं-बजावणं. १७ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने काढली. मुंबईत शाळा-देवळांपासून एवढी लांब जागा मिळणारच नाही, म्हणजे ही मागच्या दाराने बंदीच, असा मुद्दा होता. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ मात्र कायम राहिली. टिप द्या, नोटा उधळू नका.

मोरे: समोर शाळा आहे. १ किलोमीटर. कायदा आहे.

देशपांडे: वाचलंत का वरचं?

कदम (बी-२०३): कायदा राहू द्या, गाड्या कुठे लागणार? आपल्याच गेटसमोर. आत्ताच मोरेंची गाडी दोन जागा खाते.

मोरे: माझी गाडी रेषेत असते. फोटो टाका.

कदम: (फोटो)

मोरे: जुना फोटो आहे. आणि समोर शाळा आहे.

साठे काकू: अजितदादा विधानसभेत बोलले होते ना, सोसायटीची ना हरकत लागते म्हणून?

देशपांडे: मार्च २०२५ मध्ये. पण ते नव्या बिअर शॉपी आणि दारूच्या दुकानांबद्दल. इथे परमिट रूम आहे. उत्पादन शुल्क खात्यात जाऊन दारूचा परवाना कुठवर आलाय ते बघू. शाळेचं अंतर तिथे मोजतात. गाण्याचा परवाना पोलीस देतात, तो वेगळा. या दोन ठिकाणी लेखी हरकत द्या. इथे टाइप करून काही होणार नाही.

कदम: चारपेक्षा जास्त बायका ठेवता येत नाहीत ना? निदान असल्या बायका लिफ्टमध्ये तरी...

देशपांडे: चार बायका, चार पुरुष ही अट फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली. एकूण आठ कलाकार, कोण किती ते मालक ठरवणार.

नेहा (सी-२०४): कदम काका, गाळ्याला रस्त्यावरून दार आहे. आपल्या लिफ्टचा संबंध येत नाही. आणि "असल्या" म्हणजे कशा? माझी शिफ्ट रात्री दीडला संपते. मागच्या वर्षी वॉचमनला माझी वेळ लिहून ठेवायला कोणी सांगितलं होतं, मला माहीत आहे.

सेक्रेटरी: ते सुरक्षेसाठी होतं.

नेहा: फक्त माझीच?

लेले आजोबा: शुभ रात्री. आज दोन्ही वेळ पाणी नव्हतं.

साठे काकू: विषय भरकटवू नका. गाळा म्हात्रेंचा. दुपारपासून निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.

म्हात्रे (ए-७०१): काकू, साइटवर होतो. आता ऐका. गाळा तीन वर्षं रिकामा. केकवाला आला तर उंदीर होतील म्हणालात. क्लासवाला आला तर पोरांच्या सायकली. डॉक्टर आले तर पेशंट जिन्यात बसतील, सुया कचऱ्यात टाकतील. मेंटेनन्स मात्र कमर्शियल दराने, तोही वेळेवर. ज्याने तुम्हाला न विचारता भाडं दिलं, त्याला दिला.

साठे काकू: डॉक्टरला कोणी नाही म्हटलं?

म्हात्रे: मिनिट्स बुक काढा. पहिली सही तुमची.

सेक्रेटरी: रविवारी १०.३० ला गच्चीवर मीटिंग. विषय एकच.

कदम: पार्किंगही घ्या.

मोरे: १ किलोमीटर.

साठे काकू: म्हात्रे, झालं ते झालं. ते डॉक्टर अजून जागा शोधत असतील तर नंबर द्या, मी स्वतः बोलते.

म्हात्रे: दोन वर्षं झाली काकू, समोरच्या सोसायटीत बसतात. बीपी दाखवायला तुम्ही तिथेच जाता.