पुरानंतर मुलांचा स्कोअर जास्त, मुलींचा कमी, मग मुली कमी चिवट असं लिहू का?

सायली_एम
नमस्कार मंडळी, एमए सायकॉलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे, डेझर्टेशनला विषय घेतलाय की नैसर्गिक आपत्तीनंतर किशोरवयीन मुलं-मुली कशी सावरतात. पूर येऊन गेलेल्या भागातल्या आठवी ते दहावीच्या मुलांकडून कॉनर-डेव्हिडसन स्केल भरून घेतली (संकटातून सावरायची ताकद, म्हणजे चिवटपणा मोजणारी; २५ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण १०० पैकी). मुलग्यांची सरासरी मुलींपेक्षा वर आली. गाईड म्हणाले मुली इमोशनल असतातच, लिहून टाक आणि पुढे जा. पण फॉर्म भरताना मी तिथेच उभी होते हो, मुलगे पटापट ४ वर टिका मारून बाहेर पळत होते आणि मुली एकेका प्रश्नाशी अडून बसलेल्या, एकीने तर खोडून परत लिहिलं. आता हा फरक मनातला की फॉर्म भरण्यातला?

समुपदेशक_काका
दोन्हीतलं थोडं थोडं. मुलींमध्ये त्रासाची लक्षणं जास्त दिसतात हे बऱ्याच ठिकाणी आलंय, १९८८ चा आर्मेनियातला भूकंप घ्या, २००८ चा चीनमधला वेनचुआनचा घ्या, त्यामुळे ते सरसकट खोटं म्हणता येणार नाही. पण लक्षणं जास्त म्हणजे चिवटपणा कमी, ही उडी मारू नका. १९९६ मध्ये टेडेस्ची आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर माणसात काय चांगलं बदलतं ते मोजायची २१ प्रश्नांची स्केल काढली, त्यात बायकांचेच गुण पुरुषांपेक्षा जास्त आले होते. म्हणजे जास्त हललेलं माणूस जास्त वाढतही असेल. तुमच्या स्केलवर 'दडपणाखाली मी खंबीर राहतो' छापाची वाक्यं आहेत, आणि चौदा वर्षांचा पोरगा त्यावर 'नाही' लिहील का सांगा! मित्र शेजारी बसलेला असताना तर अजिबातच नाही.

दोघांची_आई
मी काही अभ्यासक नाही पण लिहितेच. माझी जुळी आहेत, पाणी घरात शिरलं तेव्हा चौदाची होती. लेक महिनाभर रडली, पाऊस सुरू झाला की उठून बसायची, मला हलवून जागं करायची. लेक म्हणजे काळजी आणि मुलगा म्हणजे एकदम ओके, असं आमचं ठरूनच गेलं होतं. चार महिन्यांनी शाळेतून फोन आला, हा रोज कुणाशी तरी मारामारी करतोय आणि दोन तास बुडवून कुठेतरी बसतोय. त्याला तेव्हा फॉर्म दिला असता ना तर शंभरपैकी शंभर पाडले असते पठ्ठ्याने. आणि एक राहिलंच, पाणी ओसरल्यावर चिखल काढणं, आजीचं सगळं लेकीकडेच आलं, आम्हीच दिलं, तेव्हा लक्षातही आलं नाही. तिचं रडणं पुराचं किती आणि त्या थकव्याचं किती, कोण सांगणार.

आकडेमोड
वरच्या ताईंनी लाखातलं लिहिलंय. सायली, नुसती सरासरी सांगू नकोस, इफेक्ट साईझ, म्हणजे फरक मुळात किती मोठा आहे, ते काढ, पुष्कळदा दोन्ही गट एकमेकांवर इतके चढलेले असतात की फरक असून नसल्यासारखा असतो. दुसरं, नुकसान किती झालं ते विचारलंयस का? घर गेलं, कुणी दगावलं, स्वतः पाण्यात अडकले, हे आकडेमोडीच्या मॉडेलमध्ये धरलं नसेल तर मुलगा-मुलगी फरकात भलतंच काहीतरी मिसळतंय. तिसरं, प्रश्न दोघांना एकाच अर्थाने कळतात का हे तपासता येतं, मेझरमेंट इन्व्हेरियन्स म्हणतात, सॅम्पल लहान असेल तर मात्र जमणार नाही.
बाय द वे, मैत्रिणींशी बोलून मुली लवकर मोकळ्या होतात असं कुणी म्हणेलच, तर तेही सरळ नाही. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये दाखवलं की एकच दुःख दोघी मिळून परत परत उगाळत बसल्या की मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते.

सायली_एम
बापरे, नुकसानीचा प्रश्न घेतलाय पण 'घर पाण्यात गेलं का, हो/नाही' एवढाच. घरकामाचा तर सुचलाच नाही. मारामारी आणि गैरहजेरीसाठी शाळेची हजेरी मागता येईल का, की त्याला परत एथिक्स कमिटीची (संशोधनात कुणाला त्रास होत नाही ना ते बघणारी) परवानगी लागेल?

समुपदेशक_काका
लागेल. नावं नकोत, कोड नंबरवर जोडून मागा, आणि पुराआधीच्या तीन महिन्यांचीही हजेरी घ्या, नाहीतर आधीपासूनच दांड्या मारणारा पोरगा तुमच्या पूरग्रस्तांत जाऊन बसेल.