उन्हाळ्यात बाइकच्या ऑइलमध्ये ॲडिटिव्ह टाकावं का?

सातरस्ता_रायडर
आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पारा 42-43. एअर-कूल्ड गाडी, मागे चादरींचा गठ्ठा आणि सिग्नलला थांबत थांबत प्रवास. ऑइल पातळ पडतं, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या गाडीत ॲडिटिव्हची, म्हणजे ऑइलमध्ये वरून मिसळायच्या रसायनाची, बाटली टाकावी. घर्षण कमी झालं की उष्णता कमी, झीजही कमी. विरोध असेल तर कारण द्या, नुसतं ‘कंपनी नको म्हणते’ चालणार नाही.

एमएच१३_फिटर
कारण क्लच आहे मालक. कारच्या इंजिनातलं ऑइल फक्त इंजिनाला लागतं. बाइकमध्ये तेच ऑइल पिस्टनला, गिअरला आणि क्लच प्लेटांनाही. प्लेटा ऑइलमध्ये भिजलेल्या असतात आणि एकमेकींना घट्ट धरतात त्या घर्षणावरच. बाटलीत मोलिब्डेनम किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) असेल तर तेच घर्षण कमी होतं. मग टॉप गिअरला चढावर ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही, जळका वास येतो. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं ते यासाठीच. तो शिक्का डब्यातल्या तयार ऑइलचा आहे. वरून काही ओतलं की त्याला अर्थ उरत नाही.

सातरस्ता_रायडर
सगळी ॲडिटिव्ह घर्षण कमी करणारी नसतात. काही नुसती ऑइल घट्ट करतात. धूर मारणाऱ्या गाडीला तेवढं पुरतं.

टॅपेट_ट्यूनिंग
पुरत नाही. घट्टपणा देणारं रसायन म्हणजे लांब साखळीचे पॉलिमर. गिअरच्या दातांत चिरडून ते तुटतात आणि ऑइल पुन्हा पातळ होतं. दुखणं तसंच राहतं. धुराचं कारण आधी शोधा. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. गाडी ओढताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). खात्री करायची तर काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा, परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. घासलेली रिंग कुठलीही बाटली भरून काढत नाही.

आणखी एक, हे फार जण विसरतात. शंभर सीसीच्या गाडीत ऑइल लिटरच्या आतच बसतं. त्यात शंभर मिलि जादा गेलं की पातळी वरच्या खुणेच्या पुढे. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) ऑइल एअर फिल्टरमध्ये येतं.

जुळे_सोलापूर_स्कूटर
बाइकचं पटलं. स्कूटरला मात्र हा नियम लावू नका. तिचा क्लच कोरडा, बेल्टच्या बाजूला. गिअर ऑइलही वेगळं. म्हणून तिथे जासो एमबी (कमी घर्षणाचं ऑइल) चालतं आणि क्लच घसरायची भीती नाही.

एमएच१३_फिटर
बरोबर, स्कूटरमध्ये तो धोका नाही. तरी गरज काय? झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस, मळ धुणारं डिटर्जंट, सगळं चांगल्या ऑइलमध्ये मोजून घातलेलंच असतं.

सातरस्ता_रायडर
मग इंजिन फ्लश, म्हणजे आतला गाळ सोडवणारं रसायन? तो तर ऑइल काढायच्या आधी टाकतात. पाच-दहा मिनिटं आयडलला चालवायचं आणि सोडून द्यायचं.

टॅपेट_ट्यूनिंग
वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात तोच सगळ्यात धोक्याचा. सुटलेला गाळ खाली जाळीत अडकतो, पंपाला ऑइल मिळत नाही, वरचा कॅम कोरडा पडतो. स्प्लेंडरसारख्या गाडीत तर कागदी फिल्टर नसतो, जाळी आणि क्रँकवरचा फिरता फिल्टर एवढंच. उजवं कव्हर उघडून हे दोन्ही भाग हाताने साफ करा. फ्लश त्याची जागा घेत नाही.

सातरस्ता_रायडर
फ्लशचं मान्य. पण उन्हाळ्यात करायचं काय ते सांगा. आवाज तर येतोच.

एमएच१३_फिटर
पुस्तकात दिलेलाच ग्रेड वापरा, पण ठरलेल्या किलोमीटरच्या आधी बदला. बाटलीचे पैसे तिकडे घाला. आवाजासाठी इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावा. सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पट्ट्यांमधला (फिन) चिखल-धूळ काढा, हवा तिथूनच लागते. पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा. स्प्लेंडरची ऑइल मोजायची काडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत.

ॲडिटिव्ह आधीच टाकलं असेल आणि क्लच घसरत असेल तर पहिल्यांदा क्लच लिव्हरचा फ्री प्ले (सुरुवातीची ढील) बघा, केबल जास्त घट्ट असली तरी असंच होतं. प्ले बरोबर असेल तर ऑइल काढून एमए२ भरा, दोन-तीनशे किलोमीटरने पुन्हा बदला. तरी घसरलं तर प्लेटा गेल्या. नव्या प्लेटा बसवायच्या आधी ऑइलमध्ये भिजवून ठेवा.