मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी लेकीचा निबंध, काय ठेवायचं आणि काय काढायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तरच लिहिते, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद मला प्रश्न विचारण्यातच जातील.

लेक नाशिकला बारावी सायन्सला आहे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला वेलींवरचे रोग हाच विषय शिकायचाय, म्हणून कॉर्नेल, युसी डेव्हिस आणि आणखी काही ठिकाणी अर्ज करतेय. स्कॉलरशिप मिळाली तरच जायचं हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळे खर्चाची चर्चा कृपया इथे नको.

गाडी अडलीय ती अनेक कॉलेजांना एकाच ऑनलाइन फॉर्मने अर्ज करायच्या कॉमन अ‍ॅपच्या निबंधावर. मर्यादा 650 शब्दांची आणि पहिला खर्डा हजाराच्या वर. सुरुवातीला एका थोर माणसाचं वाक्य, मग नाशिकच्या द्राक्षांची महती, मग नोव्हेंबर 2023 ची गारपीट (आमच्याकडच्यांना ती विसरणं शक्य नाही), मग बाबांचे अश्रू, आणि शेवटी 'म्हणून मी शेतकऱ्यांसाठी काम करणार'.

आम्ही एक कौन्सेलर लावलाय. त्याचं म्हणणं, गारपीट आणि कर्ज यावरच भर द्या, तिकडच्या लोकांना संघर्ष लागतो. त्याने खर्डा स्वतः 'पॉलिश' करूनही पाठवला. त्यात 'छाटणीने मला शिकवलं की गमावणं हीच वाढ' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे. लेक म्हणते, मी असं बोलले तर मैत्रिणी हसतील. आणि आमच्या ह्यांचं एकच, 'माझ्या सोसायटीच्या कर्जाचं अमेरिकेत काय काम?'

तिच्या मनात वेगळंच आहे. दहावीपासून ती एक वही ठेवते. फळछाटणीनंतर रोज सकाळी पानांवरचं दव किती वाजता सुकलं, किमान तापमान किती, पाऊस झाला का. पान जास्त वेळ ओलं राहिलं की डाऊनीचा (केवडा रोगाचा) धोका वाढतो, म्हणून. त्या नोंदींवरून लक्षात आलं की विहिरीकडच्या ओळी बाभळीच्या सावलीमुळे बऱ्याच उशिरापर्यंत ओल्या राहतात. आता आमच्याकडे फवारणी त्या बाजूने सुरू होते. बस, एवढंच. कौन्सेलर म्हणतो, इतकी किरकोळ गोष्ट? यात लीडरशिप कुठे आहे?

कोणाचं ऐकावं? आणि तिचं इंग्रजी साधं आहे, ते कोणाकडून सजवून घ्यावं का? काही संपादक शब्दावर पैसे घेऊन करून देतात म्हणे.

आगाऊ_काका

सीईटीला निबंध नसतो हे आपल्या पोरांवर केवढे उपकार आहेत! बाकी आता एआय आहे की. दोन मिनिटांत फर्मास निबंध मिळेल.

शिकागोकर

काका, ते सोपं वाटतं, पण कॉमन अ‍ॅपच्या फसवणुकीसंबंधीच्या नियमांत एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं स्पष्टपणे धरलेलं आहे. अर्जाच्या शेवटी 'हे माझंच काम आहे' अशी सही मुलाकडून घेतात. ती सही कौन्सेलरच्या 'पॉलिश'लाही लागू होते. व्याकरण तपासणं, कोणी वाचून 'इथे कळलं नाही' म्हणणं, हे चालतं. वाक्यं दुसऱ्याची असणं चालत नाही.

गोदाकाठताई, माझ्या मुलाच्या वेळी हे सगळं केलंय, त्यामुळे फॉर्मची रचना सांगतो. तिथेच तुमचं उत्तर आहे. निबंध एकटा वाचला जात नाही. सोबत मार्क, शिक्षकांची पत्रं आणि अ‍ॅक्टिव्हिटीजची यादी असते. यादीत जास्तीत जास्त 10 गोष्टी, प्रत्येकीच्या वर्णनाला 150 अक्षरं. लीडरशिप वगैरे जे काही असेल ते तिथे जातं.

आणि गारपीट? तिच्यासाठी वेगळी जागा आहे. 'चॅलेंजेस अँड सर्कमस्टन्सेस' नावाचा ऐच्छिक प्रश्न आहे, 250 शब्दांचा. तिथे कोरडी माहिती द्यायची: अमुक महिन्यात गारपीट झाली, उत्पन्नावर असा परिणाम झाला, त्या काळात घरात आणि अभ्यासात काय बदललं. विशेषणं नकोत, अश्रू नकोत. वडिलांची परवानगी असेल तरच. त्यांना नको असेल तर तीही जागा रिकामी सोडा, काही बिघडत नाही.

एकदा हे तिकडे गेलं की 650 शब्द मोकळे झाले. मग वहीवर लिहू दे. आणि 650 भरलेच पाहिजेत असंही नाही. किमान 250 लागतात, 650 च्या वर फॉर्म घेत नाही. 540 ला गोष्ट संपली तर संपली.

खडूफळा

ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवते, दरवर्षी चार-दोन मुलं असे निबंध घेऊन येतात. वहीला +1. पण विषय चांगला असून निबंध फिका होऊ शकतो. वहीवरचा एखादा परिच्छेद टाकता का इथे? मराठीत सांगितलंत तरी चालेल.

गोदाकाठ

हा घ्या, साधारण असा आहे:

'लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती. बागेत फिरताना मला अनेक प्रश्न पडत. एके दिवशी मी ठरवलं की त्यांची उत्तरं शास्त्रीय पद्धतीने शोधायची. मी रोज पहाटे उठून नोंदी करू लागले. या प्रवासाने मला चिकाटी, शिस्त आणि निरीक्षणाचं महत्त्व शिकवलं.'

खडूफळा

राग मानू नका, पण हा परिच्छेद कोकणातल्या आंब्याच्या बागेतली मुलगीही लिहील आणि पुण्यात बाल्कनीत कुंड्या लावणारा मुलगाही. तुमची लेक यात नाहीच.

'निसर्गाची ओढ' काढा. ओढ नसलेलं कोणी असं लिहीत नाही. 'अनेक प्रश्न' म्हणजे कुठले? एकच द्या, पण खरा. 'शास्त्रीय पद्धत' म्हणजे नेमकं काय केलं? उपकरण होतं का? नसेल तर ओलावा कसा ठरवला? आणि शेवटचं वाक्य तर बिनदिक्कत उडवा. थंडीत रोज सकाळी कोणी बागेत जाऊन नोंद करतं हे कळल्यावर चिकाटी वेगळी सांगावी लागत नाही. उलट, सांगितली की वाचणाऱ्याला वाटतं, बक्षीस समारंभाचं भाषण चाललंय.

मी मुलांना कागद बाजूला ठेवायला लावते. तुम्हीही तिला समोर बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करत विचारा: पहिली नोंद का केलीस? तेव्हा बाबा काय म्हणाले? तुझी नोंद खरी आहे हे त्यांना कधी पटलं? अजून काय कळलेलं नाही? तुम्ही मध्ये बोलू नका, हे आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, सगळ्यात अवघड. मग तिने ते स्वतः ऐकून स्वतः लिहायचं.

इंग्रजीची काळजी सोडा. साधी वाक्यं चांगलीच असतात. कलरमध्ये 'यू' असला तरी कोणी गुण कापत नाही. संपादकाचे पैसे वाचवा.

पाऊलवाट

अवांतर, पण विचारून घेते. भाच्याचा अर्ज इंग्लंडचा आहे. तिथेही असंच लिहायचं का?

शिकागोकर

नाही, तिथे वेगळं. 2026 च्या प्रवेशापासून यूकॅसने (तिथल्या विद्यापीठांचे अर्ज घेणारी सामाईक संस्था) सलग निबंध बंद करून तीन प्रश्न ठेवलेत: हा विषय का, शिक्षणाने तुम्हाला कसं तयार केलं, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून 4000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. तिथे विषयाबद्दल बोलायचं, बालपण कमी.

गोदाकाठताई, त्यावरून आठवलं. युसी डेव्हिसलाही हा निबंध चिकटवू नका. कॅलिफोर्नियाच्या युसी कॉलेजांचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नसतोच. तिथे आठांपैकी चार प्रश्न निवडायचे, प्रत्येकी 350 शब्द, आणि अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर जातो. एरवी शिफारसपत्रंही मागत नाहीत, म्हणून जे काही सांगायचं ते त्या चार उत्तरांतच. नाट्यमय सुरुवात वगैरे न करता थेट: काय केलं, कसं केलं, काय निघालं. वहीची माहिती तिथे जास्त तपशिलाने देता येईल.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. खडूफळाताई, रेकॉर्डिंग केलं. मी मध्ये बोलले, पण कमी बोलले. त्यावरून तिने लिहिलेला नवा भाग असा:

'बाबा फवारणीला निघाले की मी विचारायचे, आज का? ते म्हणायचे, शेजारी मारतायत म्हणून. मला ते उत्तर आवडायचं नाही, पण माझ्याकडे दुसरं नव्हतं. मी शाळेत जायच्या आधी ठरलेल्या सहा ओळींमध्ये पानं उलटी करून बोटाने बघायला लागले: ओलं की कोरडं. मधल्या ओळी आठपर्यंत कोरड्या व्हायच्या. विहिरीकडच्या साडेनऊलाही ओल्या असायच्या. साडेनऊला मी शाळेत असते, म्हणून त्या नोंदी आजीच्या हातच्या आहेत. तिला लिहिता येत नाही, ती ओल्या पानासाठी टिंब काढायची.'

आजीच्या टिंबांची गोष्ट मलाही माहीत नव्हती. वही घरातच होती, पण उघडून कोण बघतंय?

आता वाद शेवटावरून आहे. तिला शेवट असा हवाय: एक ओळ सावलीत असूनही तिथे दोन्ही हंगामांत डाऊनी आली नाही, आणि का ते तिला अजून माहीत नाही. वारा? खालची माती? वेलीचं वय? कौन्सेलरचा हट्ट की शेवटी स्वप्न आणि त्या कॉलेजचं नाव आलंच पाहिजे.

खडूफळा

आजीची टिंबं! त्याला हात लावू नका, तिच्याबद्दल आणखी एक विशेषणही घालू नका.

शेवट तिचाच ठेवा. ज्या मुलीला वेलींचे रोग शिकायचेत तिच्याकडे न सुटलेला प्रश्न असणं यापेक्षा चांगलं कारण कुठलं? फक्त वारा, माती, वय यातलं तिने खरंच काही तपासलं असेल तर तेवढं लिहावं. नुसते अंदाज असतील तर एका वाक्यात आटपावं.

शिकागोकर

सहमत. आणि कॉलेजचं नाव तर अजिबात नको. कॉमन अ‍ॅपचा निबंध एकच असतो, तोच सगळ्यांकडे जातो. एकाचं नाव लिहिलं की बाकीच्यांकडेही तेच पोचणार. 'आमचंच कॉलेज का' हे कॉर्नेल वेगळ्या निबंधात विचारतं, तिथे लिहा. हे ज्या कौन्सेलरला माहीत नाही त्याला मी तरी पुढचा हप्ता दिला नसता.

पाठवण्याआधी पीडीएफ दिसते, ती तिने एकदा मोठ्याने वाचावी. जिथे श्वास अडकेल ते वाक्य तोडायचं.

आगाऊ_काका

एआयचं मागे घेतो. त्याला आजी कुठून सुचणार? द्राक्षं कधी पाठवताय?

गोदाकाठ

काका, हंगाम जानेवारीनंतर, तेव्हा आठवण करा.

ह्यांनी रात्री निबंध वाचला. माझ्याकडून मराठीत ऐकला, खरं तर. म्हणाले, साडेनऊ चूक आहे, थंडीत दहा वाजतात. लेकीने वही आणून समोर ठेवली. डिसेंबरातली काही पानं दहाचीच निघाली, म्हणून आता वाक्य 'साडेनऊ-दहाला' असं झालंय. गारपीट चार ओळींत वेगळ्या जागी गेली, कर्ज कुठेच नाही. शब्द 588.

डेव्हिसच्या चार उत्तरांसाठी नवा धागा काढते, हा फार लांबला. प्रश्न निवडण्यावरूनच घरात दोन तट पडलेत.